हमी आणि मेहेरबानी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरातील भाषणाचा सारांश)



कल्याणकारी धोरण सरकार आखते आणि पक्ष केवळ जाहीरनामे छापतात, हा समज आपल्या कार्यकर्त्यांतही रुजला आहे. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचा इतिहास तो खोडून काढतो.

या योजनेची कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. ते काँग्रेसचे. तासगाव तालुक्यातील विसापूर येथे त्यांनी तिचा प्रयोग केला. परंतु प्रयोगाचे राज्यव्यापी धोरण झाले ते १९७२ च्या दुष्काळात. खडी फोडणाऱ्या स्त्रीपुरुषांना डाव्या व समाजवादी पक्षांनी संघटित केले आणि कामाची याचना मागणीत बदलली. दुष्काळ सरला, मागणी सरली नाही. १९७७ साली कायदा झाला. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. कल्पना सत्ताधाऱ्यांतील एकाची होती, तर रेटा विरोधकांचा होता.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. एक, पंधरा दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्ता देण्याचे बंधन शासनाने स्वीकारले. दोन, पैसा कोठून येणार हे ठरले. १९७५ साली व्यवसाय कर बसला. शहरातील पगारदाराने खेड्यातील मजुरीचा वाटा उचलला आणि शासनाने तितकीच भर घालायची, असे ठरले. आज प्रत्येक पक्ष काय देणार ते सांगतो. कोणाकडून घेणार, याविषयी मात्र मौन पाळतो.

तथापि भत्ता कायद्यात असूनही मजुरांच्या हाती क्वचितच पडला. हक्काचे मोल त्यामागील संघटनेइतकेच असते, हा त्याचा अर्थ.

२००५ साली केंद्राने शंभर दिवसांच्या रोजगाराचा कायदा केला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा आणला. दिवस १२५ झाले. पण बहुतेक राज्यांवर खर्चाचा ४० टक्के भार आला आणि राज्यवार निधी केंद्राने आधीच ठरवावयाचा, अशी तरतूद झाली. निधीची मर्यादा आधी आणि मागणी नंतर, अशा व्यवस्थेत हमी उरते ती कितपत?

२०२४ साली निवडणुकीच्या तोंडावर ‘लाडकी बहीण’ योजनेतून महिना १,५०० रुपये देण्यास सुरुवात झाली. गरीब घरातील स्त्रीला त्या रकमेचे मोल आहे. तिची हेटाळणी आपण करू नये. परंतु शासन निर्णयाने जे मिळते ते दुसऱ्या शासन निर्णयाने काढून घेता येते. कायदा बदलणे त्याहून कठीण. तरी तोही बदलता येतो, हे आपण नुकतेच पाहिले.

म्हणून निवडणूक संपली की पक्षाचे काम संपत नाही. गावोगाव कामाची मागणी लेखी नोंदवून तारखेची पावती घ्या, मजुरीच्या थकबाकीचा हिशेब मागा, भत्त्यासाठी अर्ज करा. हे काम कंटाळवाणे आहे, त्याला व्यासपीठ नाही. परंतु ज्या पक्षाचा कार्यकर्ता ते करीत नाही, त्याच्या जाहीरनाम्यातील हमीवर मजुराने विश्वास का ठेवावा?