घरगुती संगणकाचा ताप

‘ताप’ हा शब्द मराठीत तीन अर्थांनी वावरतो. उष्णता म्हणजे ताप, ज्वर म्हणजे ताप आणि डोक्यामागची कटकट म्हणजेही तापच. गेल्या दोन वर्षांत आमच्या घरातील संगणकाने यांपैकी पहिला आणि तिसरा ताप मला यथेच्छ दिला. मी इतिहासाचा एम. ए. आणि पोटापाण्यासाठी सरकारी फायलींचा चाकर. यंत्रविद्येशी माझे नाते फ्यूज बदलण्यापलीकडे कधी गेले नव्हते. तरीही आज मी आपणांशी संगणकाच्या पंख्यांविषयी बोलणार आहे, आणि याला कारण माझी आई.

दिल्लीत रामकृष्णपुरममधील सरकारी निवासस्थानात आम्ही राहतो. खोल्या बेताच्या. कन्या वास्तुशास्त्राचा अभ्यास करते. तिची चित्रे संगणकावर रेखाटून झाली की त्यांना छायाप्रकाश चढविण्याचे काम यंत्र तासन् तास करीत बसते, आणि ते बहुधा रात्री चालते. हा संगणक ज्या खोलीत आहे त्याच खोलीत आईची खाट आहे. आईचे वय ऐंशीच्या पुढे. तिला ऐकू कमी येते आणि ती कानात श्रवणयंत्र घालते. आम्ही बाजारातून तयार संगणक आणला तेव्हा मनात सोयीस्कर विचार केला, की घरात एकाच माणसाला या घरघरीचा त्रास होणार नाही, आणि ते माणूस म्हणजे आई. प्रत्यक्षात घडले ते उलटेच. ज्याला ऐकू कमी येते त्याला आवाज कमी त्रास देतो, हा आपला एक भाबडा समज आहे. श्रवणयंत्र नातीचे शब्द मोठे करते, तशीच पंख्याची सततची घरघरही मोठी करते. आणि त्या घरघरीत शब्द बुडून जातात. महिन्याभरात आईने संध्याकाळी यंत्र कानातून काढून ठेवण्यास सुरुवात केली. मोबाईलवर आकाशवाणीचे मुंबई केंद्र लावून ऐकणे बंद झाले, नातीशी बोलणे बंद झाले. विचारले तर म्हणे, “तुमचा तो डबा एकदा झोपवा रे, मग बोलते.” पण डबा झोपवावा तर मुलीचे काम राहते. अशी ही कोंडी होती.

मुळात हा डबा ओरडतो का, याचा शोध घेणे मला भाग पडले. उत्तर साधे आहे. संगणक जी वीज खातो तिची अखेर जवळजवळ सगळी उष्णताच होते. त्यातून चक्की फिरत नाही की पाणी वर चढत नाही. भर कामात आमचे यंत्र सुमारे 250 वॅट वीज घेई; म्हणजे शंभर वॅटचे जुने अडीच दिवे एका पेटीत कोंडल्यासारखे. यातील मोठा भाग प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड या दोन चिपांतून, नखाएवढ्या क्षेत्रातून बाहेर पडतो. ही उष्णता तेथून हलविली नाही तर चिप 95 ते 105 अंशांच्या आसपास पोहोचून स्वतःच आपला वेग कमी करते. तिला वाचविण्यासाठी पंखा जिवाच्या आकांताने फिरतो, आणि आपण त्याला दोष देतो.

ही अडचण संगणकाइतकीच जुनी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली जो ‘टिफ्रॅक’ कार्यान्वित झाला त्यात अडीच हजारांहून अधिक व्हॉल्व्ह होते, आणि व्हॉल्व्ह म्हटला की त्याची तार तापलेली असणारच. दिल्लीत 1989 साली मौसम भवनात मान्सूनच्या अंदाजासाठी अमेरिकेचा क्रे महासंगणक आला. त्याच्या अंगात फ्रिऑन खेळवून, म्हणजे एका अर्थी त्याला शीतकपाटात बसवून, त्याचा ताप उतरवावा लागे. याहून मोठे यंत्र देण्यास अमेरिकेने खळखळ केली आणि त्यातूनच पुण्याच्या सी-डॅकमध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 साली ‘परम’ उभा राहिला. ती कथा आपणांस ठाऊक आहे. माझा मुद्दा इतकाच, की त्या काळी यंत्राचा ताप संस्थेच्या डोक्याला असे. आज तोच आईच्या खाटेजवळ येऊन बसला आहे.

आता दिल्लीचा म्हणून एक खास प्रश्न. पंखा हवा थंड करीत नाही. तो केवळ हवा हलवितो. म्हणून पंख्याच्या बळावर कोणतीही चिप खोलीतील हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. ती हवेहून काही अंश वरच राहणार. खोली 25 अंशांवर असताना जी चिप 70 वर असते, ती खोली 38 वर गेल्यावर साधारण 83 वर जाते. 29 मे 2024 रोजी सफदरजंग वेधशाळेने 46.8 अंशांची नोंद केली. अशा दिवशी वातानुकूलक बंद पडला, तर थंड देशातील लेखकाने यंत्राच्या पुस्तिकेत लिहिलेल्या आकड्यांतून आपल्या वाट्याला काय उरते याचा हिशेब आपणच करावा.

या बाबतीत मी एका मोहात सापडलो होतो. बाजारात ‘लिक्विड कूलर’ नावाचे साधन मिळते. नळ्यांतून पाणी खेळते म्हटल्यावर माझ्यासारख्याच्या डोळ्यांपुढे माठ उभा राहिला. माठातले पाणी बाहेरच्या हवेहून थंड होते, हे आपण पिढ्यान् पिढ्या अनुभवतो. पण माठ पाझरतो, पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. डेझर्ट कूलरच्या खसाच्या ताटीचेही तेच. लिक्विड कूलरच्या नळ्या मात्र बंदिस्त असतात. त्यातून काहीच उडत नाही. ते पाणी उष्णता फक्त वाहून जाळीपर्यंत नेते, आणि तेथे पुन्हा पंखेच लागतात. वर एका पंपाची गुणगुण अधिक. तेव्हा तो विचार मी सोडला. (डेझर्ट कूलरचा झोत थेट संगणकावर सोडण्याचा सल्लाही एका स्नेह्याने दिला होता. ओलसर झोतात विजेचे यंत्र ठेवू नये, हे सांगण्यास पदवी लागत नाही.)

अखेर जुना संगणक विकून, सुटे भाग आणून नवा स्वतः जुळवायचा असे ठरले, आणि मी व कन्या नेहरू प्लेसला गेलो. ज्यांनी तो बाजार पाहिला नाही त्यांना काय सांगावे! उंच इमारतींच्या मधला फरसबंद चौक, जमिनीवर मांडलेली शाई आणि केबली, जिन्याजिन्यावर दुकाने, आणि प्रत्येक दाराशी “हां सर, क्या चाहिए” म्हणून वाट अडविणारे तरुण. मी एका दुकानदाराला विचारले की कोणत्या पंख्याचा आवाज कमी? तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “सर, आवाज़ कौन सुनता है? लाइट देखिए.” आणि त्याने सप्तरंगी दिवे लावून पंखा फिरवून दाखविला. खरे सांगायचे तर त्याचीही चूक नव्हती. नेहरू प्लेसच्या कोलाहलात विमान उडाले तरी ते शांत वाटेल. पंखा तेथे ऐकून घेताच येत नाही. तो आकड्यांवरून घ्यावा लागतो.

आणि आकडे मोठे उद्बोधक आहेत. पंख्याची गती निम्मी केली तर हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे 15 डेसिबलने उतरतो, जे कानाला फारच मोठे अंतर आहे. उलट पंख्याचा व्यास वाढविला तर हवा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे घडण सारखी असेल तर 120 मिलिमीटरचा पंखा 1200 फेऱ्यांत जेवढी हवा ढकलतो तेवढी 140 मिलिमीटरचा साडेसातशेच्या आसपास फेऱ्यांत ढकलतो. आमच्या जुन्या यंत्रात 80 मिलिमीटरचे पंखे होते. त्यांना तेवढ्याच हवेसाठी तिपटीहून अधिक धावावे लागत होते. ते किंचाळत नसते तरच नवल. छताचा मोठा पंखा संथ फिरून खोलीभर वारा देतो आणि टेबलावरचा लहान पंखा भणभणतो, हे रोज पाहूनही मला कधी सुचले नव्हते.

कॅबिनेट घेतानाही असेच. दर्शनी भागाला काच लावलेली पेटी दिसते छान, पण नाकावर हात ठेवून धावायला सांगावे तशी यंत्राची गत होते. आम्ही समोर साधी जाळी असलेली घेतली. हार्ड डिस्कऐवजी फिरता भाग नसलेली एसएसडी घेतली, म्हणजे एक कुरकुर मुळातच गेली. एसएमपीएस गरजेहून थोडा मोठा घेतला, कारण अर्ध्या भारावर तो कमी तापतो आणि त्याचा पंखाही मग क्वचितच फिरतो.

प्रोसेसरवरच्या कूलरविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. त्यातील तांब्याच्या नळ्या पोकळ असतात. आत थोडेसे पाणी आणि बहुतांशी निर्वात. तळाशी चिपच्या उष्णतेने पाण्याची वाफ होते, ती वर जाऊन ॲल्युमिनियमच्या पात्यांशी थंडावते आणि पाणी होऊन आतल्या सच्छिद्र अस्तरातून पुन्हा खाली येते. पंप नाही, मोटर नाही, आवाज नाही. माठाची आठवण मी वर अस्थानी केली होती. तिचे खरे स्थान येथे आहे, कारण येथे वाफच काम करते, मात्र ती घरातल्या घरात फिरते. चिप आणि कूलर यांच्यामध्ये जी राखाडी थर्मल पेस्ट लावतात, तिच्याबद्दल मात्र गैरसमज फार. ती तांब्यापेक्षा उष्णता कमीच वाहते. तिचे काम केवळ दोन पृष्ठभागांतील सूक्ष्म खळगे भरून तेथील हवा हाकलणे. म्हणून वाटाण्याएवढा ठिपका पुरे. श्रीखंडासारखी थापली तर तोटाच.

एवढे सारे वाचून, समजून मी चूक केलीच. उष्णता बाहेर घालवायची, या तर्काने मी पेटीतील तिन्ही पंखे बाहेर हवा फेकणारे लावले. तर्क फायलीवर टिपणी लिहिण्यास ठीक होता. पण जी हवा बाहेर गेली ती भरून काढण्यासाठी पेटी प्रत्येक फटीतून हवा ओढू लागली, आणि फटीला जाळी कोठून असणार! मे महिन्यात एक आँधी आली. दारेखिडक्या लावूनही घरात धूळ यावी तितकी आलीच. आठ दिवसांनी पेटी उघडली तेव्हा कूलरच्या पात्यांवर राजस्थानची बारीक पिवळी माती गोधडीसारखी बसली होती, आणि पंखे पुन्हा किंचाळू लागले होते. मुलीने काही न बोलता दोन पंखे काढले, उलटे फिरवून समोर लावले आणि पुढे जाळीचा फिल्टर बसविला. आता समोरून दोन मोठे पंखे गाळलेली हवा आत घेतात, मागून एक ती बाहेर सोडतो. आत येणारी हवा थोडी अधिक असल्यामुळे फटींतून वारा बाहेरच येतो, धूळ आत शिरत नाही. फिल्टर दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवावा लागतो. हिवाळ्यात, दिल्लीची हवा आपणांस ठाऊक आहे, त्याहूनही लवकर. पेटी भिंतीपासून वीतभर पुढे ओढली, आणि ब्लोअरने साफ करताना पाती बोटाने धरून ठेवावी, नाहीतर पंखा भलत्या वेगाने फिरून बिघडतो, हेही शिकलो.

सर्वांत मोठा लाभ मात्र एक पैसाही न खर्चता झाला. प्रोसेसरला किती वीज घेऊ द्यायची याची मर्यादा बायोसमध्ये घालता येते. ती थोडी खाली आणल्यावर जे चित्र 40 मिनिटांत पुरे होई त्याला 44 मिनिटे लागू लागली, आणि चिपचा ताप बारा अंशांनी उतरला. शेवटच्या चार मिनिटांच्या घाईसाठी यंत्र किती वीज उधळते, हे पाहून मला मार्चअखेरीच्या सरकारी खर्चाची आठवण झाली. तेथेच पंख्यांची गती ठरविण्याचीही सोय असते. ताप क्षणभर वाढला की पंख्याने लगेच उसळू नये, काही सेकंद थांबून सावकाश वाढावे, असे आम्ही योजले. कारण एकसुरी मंद आवाज माणूस विसरतो. चढउतार विसरता येत नाही.

आवाज मोजण्यासाठी मोबाईलवरील साधने मी वापरून पाहिली आणि सोडून दिली. तीन मोबाईल तीन आकडे सांगत. मग खरी कसोटी आईचीच घ्यायची ठरली. जून महिन्यातील रात्र. वातानुकूलक मुद्दाम बंद ठेवला. खोली 36 अंशांवर. यंत्रावर मुलीचे सर्वांत अवघड चित्र चढविले. आईला यंत्राकडे पाठ करून, कानात श्रवणयंत्र घालून खाटेवर बसविले आणि डबा चालू झाला की हात वर करायला सांगितले. प्रोसेसर 81 वर जाऊन स्थिरावला. आई हात वर करीना. दहा मिनिटांनी कंटाळून तिने विचारले, “अगं, लावणार आहेस की नाही?” कन्या म्हणाली, “आजी, केव्हाच लावलाय.” आईचा विश्वास बसला नाही, उठून, पेटीच्या मागे हात धरून तिने ऊन वारा लागतो का ते पाहिले, आणि मगच मोबाईल मागून घेतला.

तेव्हापासून रात्रीची तिची आकाशवाणी पुन्हा सुरू आहे. मात्र गेल्या आठवड्यात तिने नवी तक्रार केली. संगणक शांत झाल्यापासून छताचा पंखा दर फेऱ्याला कुरकुरतो हे तिला ऐकू येऊ लागले आहे. तो पंखा सरकारी मालमत्ता असल्यामुळे मला उघडता येत नाही. रीतसर अर्ज दिला आहे.