रूझवेल्ट आणि रक्तदाबाचा आकडा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



हळदीकुंकवाच्या आधी रोगाचे बोलणे काहींना रुचणार नाही, हे मी जाणून आहे. तरी थोडे ऐकून घ्यावे. हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या विकाराने थोर माणसे पुष्कळ गेली. त्यांतल्या एकाचीच हकिगत सांगते. कारण ती आकड्यांनिशी लिहून ठेवलेली आहे.

अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट. धडधाकट माणसाचा रक्तदाब १२० वर ८० च्या आसपास असतो. त्यांचा १९३७ साली १६२ वर ९८ होता, १९४१ साली १८८ वर १०५. त्यांचे नेहमीचे डॉक्टर मुळात नाक-घशाचे तज्ज्ञ. वयाच्या मानाने प्रकृती उत्तम आहे, असे ते लोकांना सांगत. मार्च १९४४ मध्ये हॉवर्ड ब्रून या तरुण हृदयरोगतज्ज्ञाने तपासले, तेव्हा हृदय वाढलेले निघाले. सिगारेटी कमी, मीठ कमी, विश्रांती, असे त्यांनी सांगितले. दाब उतरवणारे चांगले औषध तेव्हा नव्हतेच. ब्रून पुढे जवळजवळ रोज तपासायला जात. पण कशासाठी तपासता, असे रूझवेल्टांनी एकदाही विचारले नाही. महायुद्ध चालवणारा माणूस, पण स्वतःचा आकडा विचारला नाही, याचे मला फार नवल वाटते.

१२ एप्रिल १९४५ रोजी जॉर्जियातील वॉर्म स्प्रिंग्ज येथे ते चित्र काढून घेण्यासाठी बसले होते. डोक्यात मागच्या बाजूला भयंकर कळ आली आणि शुद्ध गेली. दाब ३०० वर १९० भरला. मेंदूत रक्तस्राव होऊन त्याच दुपारी ते वारले. वय ६३.

माझ्या सासूबाई कुठल्या अध्यक्ष नव्हत्या. डोके ठणकले की सुंठ उगाळून कपाळाला लावीत आणि पुन्हा चुलीपुढे बसत. ६१ व्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. त्यांचा रक्तदाब पहिल्यांदा मोजला गेला तो त्या दिवशी! आणि डोके दुखतेच असेही नाही, बरे का. पुष्कळांना काहीच जाणवत नाही.

रूझवेल्ट गेल्यावर चारच वर्षांनी, १९४९ साली, आपल्या मुंबईच्या डॉक्टर रुस्तुम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडले. वैदूंच्या पिशवीतली मुळी जगभर गेली. आता तर त्याहून सोसवणारी औषधे आहेत. पण ती रोज घ्यावी लागतात. बरे वाटले म्हणून मनानेच बंद करायची नसतात.

कार्यक्रमानंतर आतल्या खोलीत नर्सबाई यंत्र घेऊन बसणार आहेत. चहा घेण्याआधी जा, पाच मिनिटे स्वस्थ बसा, मग हात पुढे करा. आकडा विचारून घ्या आणि कागदावर लिहून आणा. सासूबाईंना आणि जाऊबाईंनाही बरोबर न्या.