काटा लाल रेघेकडे जातो तेव्हा

जुनी गाडी विकत घेतलेल्या मंडळींच्या दोन तक्रारी नेहमी कानावर येतात. एक, सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते. दुसरी, कात्रज नाहीतर खंबाटकी चढताना टेंपरेचरचा काटा लाल रेघेकडे सरकतो. गॅरेजमध्ये या दोन तक्रारींवर दोन औषधे मिळतात. थरथरीवर नवे प्लग आणि तापण्यावर रेडिएटरची सफाई. बिल होते, चार दिवस बरे जातात, पाचव्या दिवशी दुखणे परत हजर. दोन्ही तक्रारी बरोबरच सुरू झाल्या असतील, तर पुष्कळदा दुखणे एकच असते, आणि ते शोधायला पान्याच्या आधी थोडे लक्ष लागते.

उदाहरणादाखल आपण मारुती ८०० घेऊ. डिसेंबर १९८३ मध्ये ती रस्त्यावर आली, जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले, पण तालुक्याच्या गावी ती आजही दिसते. इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे. तीनच असल्यामुळे एक जरी रुसला तरी एक तृतीयांश ताकद गेली. स्टिअरिंगपासून आरशापर्यंत सगळे थरथरायला लागते. दुखणे लपवणे या गाडीला जमतच नाही.

पहिला प्रश्न, गाडी तापते कधी? कोंडीत तापते आणि मोकळा रस्ता मिळाला की काटा खाली येतो, असे असेल तर पंख्याकडे पाहा. हा पंखा विजेवर चालतो. फ्यूज उडालेला असतो, मोटार बसलेली असते किंवा पंखा सुरू करणारा स्विच गेलेला असतो. उलट कोंडीत ठीक, पण घाटात आणि हायवेवर तापते, तर वारा भरपूर मिळूनही पाणी नीट फिरत नाही. रेडिएटर आतून बुजला असेल, पाण्याचा पंप झिजला असेल. आणि सकाळी सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच काटा चढला, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे किंवा हेड गॅस्केट गेले आहे. एवढे सांगितले तरी मेकॅनिकचे निम्मे काम होते. 'गाडी गरम होते' एवढेच सांगितले, तर तो बिचारा करणार काय?

थर्मोस्टॅटचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आपल्याकडे तो काढून फेकून देण्याची एक पद्धत पडली आहे. 'आपल्या हवेत गरजच नाही त्याची,' असे छातीठोकपणे सांगतात. साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडणारा हा छोटासा व्हॉल्व्ह इंजिनाला त्याच्या कामाच्या तापमानावर ठेवतो. तो काढला की इंजिन थंडच राहते, पेट्रोल जास्त लागते, ऑइलमध्ये गाळ धरतो. रेडिएटर बुजलेला असेल तर तो बुजलेलाच राहतो, फक्त कळायला उशीर होतो.

तीच गोष्ट झाकणाची. रेडिएटरचे झाकण आतला दाब धरून ठेवते. दाब हवेपेक्षा ०.९ बारने जास्त असेल, तर पाणी १०० ऐवजी सुमारे ११८ अंशांना उकळते. झाकणाचे रबर कडक झाले की दाब टिकत नाही. महाबळेश्वरसारख्या उंचीवर तर उघडे पाणी ९६ अंशांच्या आतच उकळते. म्हणजे घाटमाथ्यावर इंजिन सर्वांत दमलेले असते, तिथेच पाणी लवकर उकळायला लागते. झाकण ही सर्वांत स्वस्त वस्तू, आणि ती बदलण्याचे सर्वांत शेवटी सुचते.

आता पाण्याविषयी. बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये घालू नका. त्यातले क्षार आतल्या बारीक नळ्यांत पापुद्र्यासारखे बसतात. कूलंट थंड प्रदेशासाठी असतो, हाही एक गैरसमज. आपल्याला तो गंज रोखण्यासाठी आणि उकळण्याचा बिंदू वर नेण्यासाठी हवा.

थरथरीकडे वळू. इंजिन गार झाल्यावर तिन्ही प्लग काढा आणि क्रमाने कागदावर ठेवा. तिन्ही फिकट तपकिरी, तर उत्तम. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जाते. तेलकट काळा म्हणजे ऑइल वर येते. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त, आणि इथेच आपल्या दोन तक्रारी प्रथम भेटतात. कार्ब्युरेटरचा जेट अर्धवट बुजला किंवा मॅनिफोल्डपाशी हवा शिरू लागली, की मिश्रण पातळ होते. मग इंजिन अडखळतेही आणि तापतेही. इग्निशनचे टायमिंग मागे पडले तरी असेच, जोर कमी आणि उष्णता जास्त. २०२५ पासून देशभर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळू लागले. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत त्यामुळेही मिश्रण थोडे पातळ होते, तेव्हा सेटिंग पुन्हा तपासून घ्यावे आणि पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्याही पाहाव्यात.

पण तीनपैकी एकच प्लग धुऊन काढल्यासारखा स्वच्छ दिसला, तर आनंद मानू नका. त्या सिलिंडरमध्ये पाणी शिरते आहे आणि वाफेने तो धुतला जातो आहे.

आमच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांच्या गाडीत हेच झाले होते. पत्नीला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायचे, त्यासाठी घेतलेली जुनी गाडी. सकाळी मिनिटभर थरथरायची, मग सुरळीत. खाली एक थेंब गळत नसे, तरी पाणी कमी व्हायचे. दोन गॅरेजांनी 'इंजिनच करावे लागेल' असे सांगितले आणि गुरुजी गाडी भंगारात द्यायला निघाले. मधल्या सिलिंडरचा प्लग लख्ख निघाला. मग गार इंजिनावर झाकण उघडले, पाणी काठोकाठ भरले आणि गाडी सुरू केली. अडकलेल्या हवेचे बुडबुडे थोड्या वेळात थांबतात. हे थांबेचनात. सिलिंडरमधला वायू पाण्यात येत होता. गॅस्केट बदलले, हेड सपाट करून घेतले, आणि गाडी डायलिसिसच्या फेऱ्या करू लागली. पिस्टनला हात लावावा लागला नाही.

काटा लाल रेघेवर गेला तर एसी बंद करा, हीटर असेल तर पूर्ण सोडा. उन्हाळ्यात जिवावर येते, पण तो छोटा रेडिएटरच आहे. बाजूला थांबा. वाफ दिसली किंवा पाणी सांडले तर इंजिन बंद करा. गरम झाकण उघडू नका, भाजलेले हात मी पाहिले आहेत. गरम इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो. आणखी एक, लाल रेघेवरचा काटा एकदम खाली पडला तर सुटकेचा निःश्वास टाकू नका. पाणी सेन्सरच्या खाली गेले असेल, तर सेन्सरला पाण्याचे तापमान कळतच नाही.

हेड उतरवायची वेळ आलीच, तर दोन गोष्टी समोर उभे राहून करून घ्या. हेड ॲल्युमिनियमचे असते, तापून वाकते. त्यावर सरळ पट्टी ठेवून फट तपासायला सांगा. आणि बोल्ट टॉर्क रेंचने, कंपनीने दिलेल्या क्रमानेच आवळू द्या, अंदाजाने नव्हे. जुने गॅस्केट मागून घ्या. ते कुठून जळले आहे ते बघा, आणि स्वच्छ निघालेला प्लग त्याच सिलिंडरचा होता का, तेही ताडून पाहा.