डावीकडची खुर्ची
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

निवडणुका आल्या की निपाणी-चिकोडी भागातल्या एखाद्या शाळेच्या मैदानावर सकाळपासून लगबग सुरू होते. चुन्यानं मोठं वर्तुळ आखायचं, आत ठळक ‘एच’ काढायचा, धूळ उडू नये म्हणून टँकरनं पाणी मारायचं. कडेला अग्निशमनचा बंब येऊन थांबतो. वारा कुठला आहे ते वरून कळावं म्हणून एका कोपऱ्यात धूर करतात. मग हेलिकॉप्टर उतरतं, नेते गाडीत बसून सभेला निघून जातात, आणि मैदानावरची निम्मी पोरं नेत्यामागं न जाता तिथंच घुटमळतात. त्यांना भाषण ऐकायचं नसतं. त्यांना झाडाखाली पाणी पीत बसलेल्या पायलटला एकच विचारायचं असतं: हे शिकायला काय लागतं?

या प्रश्नाचं उत्तर कागदावर तयार आहे. बारावीला फिजिक्स आणि गणित, वय १८ पूर्ण, क्लास वन वैद्यकीय तपासणी, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या लेखी परीक्षा, रेडिओवर बोलण्याचा परवाना, आणि हेलिकॉप्टरवर किमान १५० तासांचं उड्डाण. एवढं झालं की व्यावसायिक परवाना हातात येतो. विमानाच्या परवान्याला २०० तास लागतात, म्हणजे हेलिकॉप्टर ५० तासांनी स्वस्त, असा हिशेब कुणी घाईनं मांडला तर तो फसतो. हेलिकॉप्टरचा एकेक तास विमानाच्या तासापेक्षा बराच महाग पडतो. निपाणीच्या पोराला तर यातली बरीच कामं बंगळूरला जाऊनच करावी लागतात. निपाणीला रेल्वे नाही. आधी बसनं बेळगाव, तिथून रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस. वैद्यकीय तपासणीची हवाई दलाची एअरोस्पेस मेडिसिनची संस्था बंगळुरात, आणि हिंदुस्तान एअरोनॉटिक्सची हेलिकॉप्टर शिकवणारी रोटरी विंग अकादमीही तिथंच.

अवघड प्रश्न पोरं विचारत नाहीत. शिकून झाल्यावर पहिला पगार कोण देतो?

बेळगावकरांना उडणं काही नवीन नाही. सांबऱ्याची धावपट्टी ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सनं १९४२ साली, ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी माणसं तयार करायला बांधली. आज तिथं हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. विमानतळ प्राधिकरणानं २०२१ मध्ये उड्डाण प्रशिक्षण संस्थांसाठी देशातले पाच विमानतळ निवडले, त्यांत बेळगाव आणि जळगाव दोन्ही होते. त्यामुळे छोटी शिकाऊ विमानं आता इथल्या आकाशात रोजची झाली आहेत. २०२३ च्या मे महिन्यात त्यांतलं एक होन्निहाळच्या शेतात उतरलं, आतले दोघं वाचले, आणि आसपासच्या गावांना बोलायला विषय मिळाला. पण ही सगळी पंखांची विमानं. ती पाहून मोठा झालेला मुलगा समजतो की उडणं म्हणजे उडणं, परवाना म्हणजे परवाना. इथंच घोळ होतो.

विमान कंपनीच्या एअरबसमध्ये समोर दोन खुर्च्या असतात आणि दोन्ही भरल्याशिवाय ते विमान हलत नाही. दुसऱ्या खुर्चीवर २०० तासांचा नवखा बसू शकतो. शेजारी कॅप्टन असतो, मागं दीडशे-पावणेदोनशे प्रवासी, आणि पोरगं पगार घेत घेत शिकतं. हेलिकॉप्टरचा धंदा असा चालत नाही. भारतात यात्रा, भाड्याच्या फेऱ्या यांसाठी वापरली जाणारी बरीचशी हेलिकॉप्टरं एका इंजिनाची: बेल ४०७ किंवा एअरबसचं एच १२५. त्यांना एकच पायलट पुरतो. तो उजवीकडे बसतो.

उजवीकडे का? विमानात कॅप्टन डावीकडे असतो, हेलिकॉप्टरमध्ये उलटं. सिकोर्स्कीच्या दुसऱ्या महायुद्धातल्या आर-४ या हेलिकॉप्टरात दोन खुर्च्यांच्या मधोमध उंची सांभाळणारा एकच दांडा होता, शिकाऊ उजवीकडे बसून तो डाव्या हातानं ओढायचा, पुढं तो स्वतः कॅप्टन झाला तरी सवय तीच राहिली, असं सांगितलं जातं. गोष्ट शंभर टक्के खरी असो वा नसो, परिणाम समोर आहे. डावीकडची खुर्ची हीच हेलिकॉप्टरमधली उमेदवारीची जागा. कमी तासांच्या पायलटची नोकरी म्हणजे ही खुर्ची कुणाकडे रिकामी आहे, याचा शोध.

केदारनाथच्या फेऱ्या करणाऱ्या हेलिकॉप्टरात त्या डाव्या खुर्चीवर यात्रेकरू बसतो, तिकीट काढून. ज्या जागेवरून नवखा शिकला असता, ती जागा विकली गेलेली असते. यात मालकाचा लोभ जरूर आहे, पण नुसता लोभ नाही. डोंगरातली विरळ हवा, अरुंद दरी, मिनिटांत उतरणारे ढग. १५ जून २०२५ ला केदारनाथहून परतणारं एक बेल ४०७ गौरीकुंडजवळ कोसळलं आणि सातजण गेले. त्यांत यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचं एक कुटुंब होतं, लहानग्या मुलीसह. चालवणारा लष्करातून निवृत्त झालेला लेफ्टनंट कर्नल होता. मुरलेल्या माणसाची जिथं ही गत, तिथं दीडशे तासांच्या पोराला एकट्याला कोण पाठवेल, आणि का पाठवावं?

आणि मुरलेली माणसं बाजारात आहेत, हीच दुसरी अडचण. भारतातले नागरी हेलिकॉप्टर पायलट बहुतांशी सैन्यदलांतून आलेले असतात. नाशिकच्या गांधीनगर विमानतळावर लष्कराच्या हवाई शाखेची शाळा आहे. कॅप्टन अभिलाषा बराक २५ मे २०२२ ला तिथूनच लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून बाहेर पडल्या. तिथं शिकलेला अधिकारी चेतक-चीता हेलिकॉप्टरं घेऊन हिमालय पालथा घालतो, पंधरा-वीस वर्षांनी निवृत्त होतो, आणि हजारोंच्या घरात तास भरलेलं लॉगबुक घेऊन मुलाखतीला येतो. त्याच बाकावर कर्ज काढून शिकलेला, दीडशे तासांचा निपाणीचा मुलगा बसलेला असतो. देशातली नागरी हेलिकॉप्टरंच मुळात दोन-तीनशेच्या घरात. जागा निघाली तर कुणाला मिळणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

आपल्याकडे म्हणतात ना, लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही! तास नाहीत म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून तास नाहीत. त्यातून उडणं थांबलं की हातही बसतो आणि परवानाही. तो चालू ठेवायला पुन्हा पैसे मोजून उडावं लागतं. शिवाय ज्याला कुणी गृहीत धरत नाही असा एक पंच यात असतो, विमा कंपनी. कायदा म्हणतो १५० तास चालतील, पण विमा उतरवणारा म्हणतो आम्हाला अमुक शे तासांचा माणूस हवा. तिथं मालकाचाही इलाज चालत नाही.

अमेरिकेनं या कोड्यावर एक तोडगा काढला: जो शिकला त्यानंच पुढच्याला शिकवायचं. परवाना घ्यायचा, प्रशिक्षक व्हायचं, हजारेक तास जमेपर्यंत शिकवत राहायचं, मग पर्यटकांच्या फेऱ्या किंवा तेलविहिरींची वाट धरायची. शाळांतलं लाडकं यंत्र म्हणजे रॉबिन्सनचं आर २२, दोन माणसांचं, हलकं, आणि नवख्या हाताला क्षमा न करणारं. अपघात वाढले तेव्हा १९९५ मध्ये तिथल्या विमान प्रशासनानं खास नियम केला: आर २२ वर शिकवणाऱ्याकडे हेलिकॉप्टरचे २०० तास हवेत, त्यांतले ५० त्याच यंत्रावरचे. म्हणजे १५० तासांना परवाना मिळाला तरी पहिला डॉलर मिळवायला आणखी ५० तास खिशातून. शिडी आहे, पण पहिली पायरी उंच ठेवलेली.

त्या शिडीचा धंदाही झाला. सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्स नावाच्या शाळेनं सुमारे ७० हजार डॉलर आगाऊ घेऊन मुलं भरली. कित्येकांनी कर्ज काढून भरले. व्हिएतनाम युद्धातून आलेली पायलटांची पिढी आता निवृत्त होतेय, जागाच जागा आहेत, असा तेव्हाचा बोलबाला. फेब्रुवारी २००८ मध्ये शाळेनं एका दिवसात दिवाळं काढलं. अडीच हजारांच्या आसपास विद्यार्थी अर्धवट तासांसकट रस्त्यावर, आणि कर्ज मात्र पूर्ण. सीमाभागातल्या तंबाखूवाल्या घरांना ही गोष्ट परकी वाटू नये. पीक यायच्या आधी भावाची स्वप्नं विकणारे व्यापारी निपाणीनं पुष्कळ पाहिलेत. तंबाखू शेतकऱ्यांचं १९८१ चं आंदोलन काही उगाच झालं नव्हतं.

भारतात शिकवून तास जमवण्याची वाट अरुंद आहे, कारण हेलिकॉप्टरच्या शाळाच बोटांवर मोजण्याइतक्या. मग डावी खुर्ची आहे कुठं? सर्वांत मोठं उत्तर मुंबईत जुहूला. जुहूचा विमानतळ १९२८ चा, जे. आर. डी. टाटा १९३२ मध्ये कराचीहून टपाल घेऊन जुहूलाच उतरले. आज तिथून हेलिकॉप्टरं सुमारे १६० किलोमीटरवरच्या मुंबई हायकडे तेल कामगारांना नेतात-आणतात. त्यांत १९८५ साली स्थापन झालेली सरकारी पवन हंस आहे, खासगी कंपन्याही आहेत. समुद्रावर दोन इंजिनं लागतात, पायलटही दोन. म्हणजे इथं डावी खुर्ची कामाची आहे, तिकिटाची नाही. समुद्रातल्या फलाटावर उतरणं बघायचं, रेडिओ सांभाळायचा, इंधनाचा हिशेब ठेवायचा. त्याआधी तरणतलावात एक खोटी केबिन बुडवून उलटी करतात आणि पट्टा सोडून बाहेर यायला लावतात. घटप्रभेत पोहलेल्या पोरालाही पहिल्यांदा दिशा कळत नाही.

तिथंही रांग आहेच. म्हणून काहीजण आधी त्याच कंपनीत जमिनीवरचं काम धरतात: उड्डाणांचं नियोजन, हवामानाचे अहवाल, तात्पुरत्या हेलिपॅडची पाहणी. पगार बेताचा, मान त्याहून बेताचा. पण हे काम कमी प्रतीचं मानणं चूक आहे. मे २०१७ मध्ये निलंग्याला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांचं हेलिकॉप्टर उडताच तारांत सापडून खाली आलं. ३ मे २०२४ ला महाडला सुषमा अंधारेंना न्यायला आलेलं हेलिकॉप्टर धुळीत कलंडलं. दोन्ही वेळा माणसं वाचली. तार कुठं आहे, माती किती भुसभुशीत आहे, वारा दुपारी कसा फिरतो, हे आधी जाऊन बघणाऱ्याची किंमत अशा दिवशी कळते, आणि ज्यानं दोन वर्षं हे बघितलं त्याचं नाव डावी खुर्ची रिकामी झाल्यावर कॅप्टनच्या तोंडी आधी येतं.

आणखी एक दार आहे, बेळगावच्या मुलांना तर सर्वांत जवळचं. मराठा लाइट इन्फंट्रीच्या गावात ते वेगळं सांगायला नको. सैन्यदलात अधिकारी म्हणून निवड झाली तर हेलिकॉप्टरचा पहिला तास उडण्याआधीच पगार सुरू झालेला असतो. निवड अवघड, डोळे-कान-पाठ सगळं तपासून घेतलं जातं, आणि हेलिकॉप्टरच मिळेल याची हमी नाही. पण जमीन गहाण पडत नाही.

ज्यांना खासगी वाटेनंच जायचंय, त्यांच्या वडिलांनी फी भरण्याआधी शाळेला एवढंच विचारावं: गेल्या तीन तुकड्यांतली किती मुलं आज पगारावर उडताहेत, आणि कुठल्या खुर्चीवर? उत्तराऐवजी माहितीपत्रक पुढं आलं, तर उठून बसस्टँडकडे चालू लागावं. बेळगावची शेवटची गाडी मिळते.