पत्रकातून रकाना जातो तेव्हा

पैनगंगेच्या अलीकडे, आदिलाबाद जिल्ह्यातील बेला-जैनदच्या बाजूस ज्यांची शेती आहे, त्यांना पहाणीपत्रकाची ओळख करून द्यावयास नको. सर्वे नंबर, क्षेत्र, पट्टेदाराचे नाव आणि त्याच्या जोडीस आणखी एक रकाना त्यात असे: जमीन प्रत्यक्ष कोणाच्या कब्जात आहे. दुसऱ्याच्या रानात बटईने कपाशी पिकविणाऱ्याचे नाव कागदावर लागलेच तर ते तेथे लागे. 29 ऑक्टोबर 2020 रोजी तेलंगणात 'धरणी' ही संगणकावरील नोंदवही सुरू झाली आणि तिच्यात हा कब्जेदाराचा रकाना राहिला नाही.

भरलेल्या तक्त्यातून एखादा रकाना वगळणे संगणकाला अवघड नाही. 'ऑल्टर टेबल' म्हणून तक्त्याचे नाव सांगावयाचे, 'ड्रॉप कॉलम' म्हणून रकान्याचे. आज्ञा एका ओळीची. पण ती पाळण्याची रीत सर्वत्र सारखी नाही. 'पोस्टग्रेस' हा डेटाबेस आपल्या अंतर्गत सूचीत त्या रकान्यापुढे 'वगळला' एवढी खूण करतो. लक्षावधी ओळींना हातही लागत नाही, म्हणून काम क्षणात उरकते. पटवाऱ्याने कागदाची घडी घालून रकाना झाकावा, तसाच हा प्रकार. आतला मजकूर तबकडीवर पडून असतो आणि त्या त्या ओळी पुन्हा लिहिल्या जातील तसा नाहीसा होतो. 'एसक्यूलाइट'मध्ये ही आज्ञा 2021 साली आली. तो मात्र तक्ता पुन्हा लिहून मजकूर खरोखरच काढून टाकतो. त्यापूर्वी तेथे नवा तक्ता आखून हवे तेवढे रकाने उतरवून घ्यावे लागत, मग जुना मोडून त्याचे नाव नव्यास द्यावे लागे.

या यंत्रांच्या अंगी एक सावधपणा आहे, तो कचेऱ्यांनीही घ्यावा असे मला वाटते. वगळावयाच्या रकान्यावर दुसरी एखादी यादी बेतलेली असेल, तर पोस्टग्रेस आज्ञा नाकारतो. 'तिच्यासह काढ' असे स्पष्ट बजावावे लागते. शिवाय आज्ञा कायम करण्यापूर्वी ती मागे घेता येते. परंतु यंत्राला दिसते ते तक्त्यांचे परस्परावलंबन. पीककर्जासाठी बँकेच्या दारी उभा असलेला बटईदारही त्याच रकान्यावर अवलंबून आहे, हे त्याला दिसत नाही.

14 एप्रिल 2025 पासून धरणीच्या जागी 'भूभारती' आली. तिचे विधेयक 2024 मध्ये मांडले गेले, तेव्हा हा रकाना पुन्हा आणण्याची भाषा झाली होती. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्याच नावाचा रकाना पुन्हा घातला, तरी यंत्र त्याला नवाच समजते आणि तो रिकामा येतो. त्यातली नावे पूर्वीच्या प्रतीवरूनच भरावी लागतात. जमिनीच्या तंट्यात 1954-55 ची खासरा पहाणी आजही काढून पाहिली जाते, ती याच गरजेने. ज्यांच्या घरी जुन्या पहाणीच्या नकला असतील, त्यांनी त्या वाळवीपासून जपाव्यात.