मधुमेह्याचे पाऊल



केदारेश्वराच्या या धर्मापुरीत वैशाखात देवळाची तापलेली फरशी अनवाणी पायांना कशी पोळते, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. पोळते म्हणून आपण पाय उचलतो. पण बऱ्याच वर्षांच्या मधुमेह्याला ती पोळतच नाही. पाय भाजतो, फोड येतो, त्याची जखम होते आणि ती महिनोन्‌महिने भरत नाही. असे का व्हावे?

रक्ताचा खरा व्यवहार चालतो तो केशवाहिन्यांत. त्या इतक्या अरुंद की, मिलिमीटरच्या सात-आठ सहस्रांश व्यासाची तांबडी पेशी त्यांतून जेमतेम सरकते. रक्तातील साखर वर्षानुवर्षे चढी राहिली, म्हणजे या वाहिन्यांच्या भिंतीचे अस्तर जाड होते. वाट बुजत नाही. भिंत मात्र ताठर होते. जखम झाली की त्या जागेला एरवीपेक्षा पुष्कळच अधिक रक्त हवे असते. अशा वेळी या वाहिन्यांचे जाळे पुरेसे फुलत नाही. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींनाही बाहेर पडणे जड जाते.

दुसरी गोष्ट मज्जातंतूंची. ते दुबळे झाले, की त्वचेतील आडवाटा उघड्या राहतात. पाटाला पाणी भरपूर, पण चारी फुटून ते ओढ्याला जावे आणि वाफे कोरडे राहावेत, तसे रक्त केशवाहिन्यांना वगळून परत फिरते. म्हणून असे पाऊल हाताला ऊबदार लागते. त्या उबेवर विसंबू नका.

येथे एका गैरसमजाचा इतिहास सांगितला पाहिजे. 1959 साली गोल्डेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी, कापलेले पाय तपासून, मधुमेहात लहान रोहिण्याच बुजतात असे मत मांडले. मग मोठी रोहिणी दुरुस्त करून उपयोग काय, असा समज वैद्यकात पसरला. 1964 साली स्ट्रँडनेस यांना तसा फरक आढळला नाही. 1984 साली लोगर्फो व कॉफमन यांनी तो समज स्पष्टपणे खोडून काढला. अडथळा बहुधा गुडघ्याखालच्या मोठ्या रोहिण्यांत असतो, आणि पावलातील रोहिणी पुष्कळदा मोकळी सापडते. अडथळा फुग्याने रुंद करता येतो, किंवा वळसा देऊन रक्त पुढे नेता येते. म्हणून ‘बारीक नसा गेल्या, पाय कापा’ एवढे ऐकून संमती देऊ नका; आधी रोहिण्यांची तपासणी झाली का, ते विचारा. मात्र जंतुदोष अंगात भिनत असेल, तर विलंब करू नका. तेथे कापणेच प्राण वाचवते.

वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांवर काम केले. पाऊल आपोआप सडत नाही. वेदना नसल्यामुळे माणूस जखमेवरच चालत राहतो, म्हणून ती चिघळते, हे त्यांनी दाखवले. जखमेवरचा भार काढणे हा धडा मधुमेह्यालाही तितकाच लागू पडला.

आपल्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणारी, रानात अनवाणी राबणारी माणसे पुष्कळ. त्यांतील मधुमेह्यांना माझे सांगणे थोडकेच आहे. रोज रात्री तळपाय पाहा. स्वतःला दिसत नसेल तर घरच्यांना दाखवा. पायांत घालण्यापूर्वी वहाण झटका. गरम पाण्याचा अंदाज पायाने घेऊ नका. कुरूप ब्लेडने कापू नका. साखर ताब्यात ठेवा, तंबाखू सोडा. आणि जखम दुखत नाही म्हणून निश्चिंत राहू नका. न दुखणारी जखम हीच दवाखान्याची वाट त्याच दिवशी धरण्याची खूण आहे.