पारव्याचं पिल्लू आणि आपली माया

(मंडळाच्या गणेशोत्सवात आरतीनंतर झालेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीच्या मांडवात कबुतरांवर भाषण, हे ऐकून काही जणांना हसू आलं असेल. पण आज बोलायचं कारण असं की उत्तरायणाला आता चारच महिने राहिलेत. आपल्या बडोद्यात 14 आणि 15 जानेवारीला सगळं गाव अगाशीवर असतं. दोऱ्याने कापलेली कबुतरं आपण पाहतो, त्यांना दवाखान्यात पोचवतो. जे दिसत नाही ते त्यानंतरचं. कापलेलं कबुतर कुणाचं तरी आई किंवा बाप असतं. पारवे वर्षभर अंडी घालतात, त्यामुळे जानेवारीतही व्हेंटिलेटरमध्ये, एसीच्या खोक्यामागे, जिन्याच्या कोनाड्यात पिल्लं असतात. दोन-तीन दिवसांनी कुणीतरी त्यांना खाली आणतं आणि माया सुरू होते.

आम्ही म्हणजे शेजारपाजारचे सहा-सात जण. एक निवृत्त शिक्षिका, दोन गृहिणी, कॉलेजातली दोन मुलं, आणि आत्ता बोलतोय तो सरकारी इमारतींच्या गळत्या बुजवणारा सिव्हिलचा डिप्लोमावाला. आमच्यात पशुवैद्य कुणी नाही. गेली काही वर्षं अशी पिल्लं आमच्याकडे येतात, आणि डॉक्टरांना विचारत विचारत आम्ही ती वाढवतो. त्यातून एक गोष्ट पक्की कळली, तीच सांगायची आहे. आपल्या घरी आणलेली पिल्लं भुकेने कमी मरतात, चुकीच्या वेळी चुकीचं भरवल्याने जास्त मरतात.

एका वर्षी उत्तरायणानंतर दांडिया बाजारच्या एका आजींनी दोन पिल्लं आणली. रात्रभर जागून त्यांनी कापसाच्या बोळ्याने गाईचं दूध आणि कुसकरलेला पाव भरवला होता. दोघांच्याही गळ्याखाली लिंबाएवढा फुगा, तोंडाला आंबट वास. एक सकाळीच गेलं, दुसरं डॉक्टरांनी वाचवलं. आजींनी विचारलं, "अहो, मग द्यायचं तरी काय होतं?" त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आज सगळ्यांना देतो.

आधी पारव्याचा संसार समजून घेऊ. मादी बहुधा दोन अंडी घालते. नर आणि मादी आळीपाळीने ती उबवतात, साधारण 17-18 दिवस. पिल्लू बाहेर येतं तेव्हा डोळे मिटलेले, अंगावर पिवळी विरळ लव. पहिले चार-पाच दिवस आई-बाप त्याला दाणा देत नाहीत. त्यांच्या गळ्याखाली जी अन्नपिशवी असते, तिच्या आतल्या अस्तरातून दह्याच्या गोळ्यांसारखा पदार्थ सुटतो, तो पाजतात. यालाच कबुतराचं दूध म्हणतात. ते आईला येतं तसंच बापालाही येतं. पक्ष्यांमध्ये ही देणगी फ्लेमिंगो आणि एम्परर पेंग्विन अशा मोजक्यांनाच आहे. मनुष्याच्या आईला दूध आणणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक 1930च्या दशकात ऑस्कर रिडल यांनी ओळखलं आणि त्याला नाव दिलं, तेही कबुतराच्या याच पिशवीवर प्रयोग करून.

पण या दुधाचा गाईच्या दुधाशी संबंध नाही. त्यात भरपूर प्रथिनं आणि चरबी असते, दुधातली साखर नसते. पक्ष्याला ती साखर पचत नाही. म्हणून गाईचं, म्हशीचं, पावडरचं, कुठलंच दूध नको. लहान बाळांच्या दूध घातलेल्या पिठाची पेजही नको. पाव, बिस्किट, शिजवलेला भात पिशवीत चिकट गोळा होऊन बसतो आणि आंबतो.

आता क्रम. आधी ऊब, मग पाणी, मग अन्न. हे तीन शब्द घरी जाऊन फ्रिजवर लिहून ठेवा.

ऊब पहिली, कारण गार पडलेल्या पिल्लाचं पचन थांबलेलं असतं. तेव्हा भरवलेला घास खाली सरकतच नाही. बुटाच्या खोक्यात जुनं फडकं घाला, गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून एका बाजूला ठेवा. दुसरी बाजू मोकळी राहू द्या, म्हणजे गरम झालं तर पिल्लू सरकेल. आठवड्याच्या आतल्या, बिनपिसांच्या पिल्लाला 35 अंशांच्या आसपास ऊब लागते. पिसं फुटतील तशी कमी करा. चोच उघडी ठेवून धापा टाकत असेल तर उष्णता जास्त झाली. हाताला पिल्लू कोमट लागेपर्यंत तोंडात काहीही घालायचं नाही. आजींना हे सांगायला जीव वर येतो, कारण भुकेलं लेकरू समोर आणि आपण बाटली गरम करत बसलेलो. पण तीच त्याची पहिली सेवा.

मग पाणी. आपण पितो तेच ओआरएस, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवून, कोमट करून. चोचीच्या कडेला एकेक थेंब लावा, पिल्लू स्वतः चाटेल. ड्रॉपरने घशात पिचकारी मारू नका. श्वासनळीचं तोंड जिभेच्या मागेच असतं. पाणी तिकडे गेलं की फुप्फुसात शिरतं आणि मग उपाय राहत नाही.

आता अन्न. चिमणीचं पिल्लू चोच उघडून मागतं. पारव्याचं तसं करत नाही. ते आई-बापाच्या तोंडात आपली चोच घुसवून खातं. म्हणून लोकांना वाटतं की हे खायलाच तयार नाही. वय ओळखा. डोळे मिटलेलं, पिवळ्या लवेचं पिल्लू चार-पाच दिवसांच्या आतलं. त्याला घरी ठेवू नका, ऊब देत थेट डॉक्टरांकडे किंवा पक्षी-केंद्रात न्या. अंगावर सुयांसारखी पिसं फुटलेलं पिल्लू एक-दीड आठवड्याचं. त्याला पक्ष्यांच्या पिल्लांसाठी मिळणारं तयार पीठ कोमट पाण्यात कालवून देता येतं. सिरिंजचं पुढचं टोक कापून घासून गुळगुळीत करायचं, तोंडावर रबरी पट्टी ताणून तिला फट पाडायची. पिल्लू त्या फटीत चोच घालून स्वतः ओढतं. पीठ मनगटावर टाकून पाहा, बाळाच्या दुधासारखं कोमट हवं. थंड पिठाने पिशवी सुस्त होते, फार गरम पिठाने आतून भाजते. उरलेलं टाकून द्या, पुन्हा तापवू नका. या भाद्रपदातल्या दमट हवेत तर ते तासाभरात आंबायला लागतं.

दोन आठवड्यांच्या पुढचं, पिसांतून पिवळे केस डोकावणारं पिल्लू सगळ्यात सोपं. फ्रीझरमधले मटार कोमट पाण्यात सोडून मऊ करा, किंवा रात्रभर भिजवलेले हरभरे सोलून अर्धे करा. चोच अलगद उघडून एकेक दाणा जिभेच्या मागे ठेवला की गिळतं. एका वेळी 25-30 मटार जातात, पण आकडा धरून बसू नका.

मोजायचं ते पिशवीवरून. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही आधी ही पिशवी बोटांनी तपासायला शिकवतो. छातीच्या वर, गळ्याखाली. भरवल्यावर ती अर्धवट पाणी भरलेल्या फुग्यासारखी मऊ लागायला हवी, टणटणीत नाही. पुढचं भरवणं ती रिकामी झाल्यावरच. सकाळी उठल्यावर ती सपाट असली तर सगळं ठीक. रात्रीचं सकाळपर्यंत तसंच असेल, हाताला कणकेसारखं किंवा गच्च पाण्यासारखं लागत असेल, तोंडाला आंबट वास असेल, तर पचन अडलं आहे. मग वर आणखी भरवणं म्हणजे तुंबलेल्या गटारात बादली ओतणं, आमच्या धंद्यातला दाखला द्यायचा तर.

अशा वेळी अन्न बंद करा. ऊब वाढवा. थोडं थोडं कोमट ओआरएस द्या, बोटाच्या पेराने पिशवी अगदी हलके चोळा. पिल्लाला उलटं धरून ओकवायला जाऊ नका, ते त्यातच गुदमरतं. काही तासांत हलली नाही तर त्याच दिवशी डॉक्टर. कारणं वेगवेगळी असतात. कधी नुसती थंडी किंवा पाण्याची कमतरता, कधी यीस्टची बुरशी, कधी कॅंकर. कॅंकरमध्ये तोंडात चीजसारखे पिवळट गोळे दिसतात. तो ट्रायकोमोनास नावाच्या सूक्ष्म जीवाने होतो आणि आई-बापाच्या घासातूनच पिल्लाला लागतो. गोळे खरवडू नका, रक्त येतं. प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी कुटून दिली तर बुरशी आणखी माजते.

शीटसुद्धा रोज पाहा. गडद गोळी आणि वर पांढरं, ही चांगली. हिरवट पाणी आणि गोळी नाहीच, म्हणजे पोटात अन्न पोचलेलं नाही. पातळ, दुर्गंधीची, किंवा रक्ताचा अंश असलेली शीट कागदावर घेऊन पिल्लासोबत डॉक्टरांकडे न्या. त्यावरूनच त्यांना अर्धं कळतं.

आता दोन गोष्टी, ज्यांच्यावर आमच्यातही वाद होतात.

पहिली, प्रत्येक पिल्लू अनाथ नसतं. मोठी पिल्लं दिवसा एकटीच असतात, आई-बाप फक्त भरवायला येतात. संध्याकाळी पिशवी पाहा. भरलेली असेल तर कुणीतरी भरवतंय, उचलू नका. पिसं फुटलेल्या पिल्लाला एकटा बापही वाढवू शकतो. माणसाचा हात लागला म्हणून पारवे पिल्लू टाकत नाहीत. खाली पडलेलं, धडधाकट असेल, तर परत घरट्यात ठेवा. आणि घराची डागडुजी काढली, कोनाड्यात पिल्लं निघाली, तर तेवढा कोपरा महिनाभर शेवटी ठेवा. चार-पाच आठवड्यांत ती उडतात, मग खुशाल जाळी लावा. कंत्राटदार कुरकुरतो, पण ऐकतो.

दुसरी गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. कबुतराच्या शीटेची आणि पिसांची धूळ रोज श्वासात गेली तर काही माणसांच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. डॉक्टर त्याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस म्हणतात. घरात दम्याचा रुग्ण असेल, तर पिल्लू आमच्याकडे द्या, स्वतः ठेवू नका. खोकं झोपायच्या खोलीत, स्वयंपाकघरात नको. साफ करताना मास्क, आणि शीट ओली करूनच पुसा. पिल्लू वाचवायचं म्हणून गॅलरीत रोज दाणे टाकून थवा जमवायचा, असा याचा अर्थ नाही. ज्यांना शेजारच्या कबुतरांचा त्रास होतो, त्यांची तक्रार खरी आहे, ती ऐकून घेऊनच आपण हे काम करायचं.

गुजरातमध्ये 2017 पासून उत्तरायणाच्या दिवसांत करुणा अभियान चालतं, तेव्हा पक्ष्यांसाठी उपचार केंद्रं उघडतात. 1962 हा जनावरांच्या रुग्णवाहिकेचा नंबर पाठ करून ठेवा. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्येच बंदी घातली आहे. तरी तो मिळतो, हे आपल्या घरातल्या मुलांना माहीत आहे. फिरकी घेताना आपणच विचारलं तर निम्मं काम तिथेच होतं.

मंडळाला एक विनंती. आपल्या सामानाच्या खोलीत, समया आणि तोरणांशेजारी, एक खोकं ठेवू या. त्यात गरम पाण्याची पिशवी, ओआरएसची पाकिटं, दोन सिरिंज, मास्क, आणि पिल्लं तपासणाऱ्या डॉक्टरांचे नंबर. 13 जानेवारीला ते बाहेर काढायचं. ज्यांना पिशवी तपासायला शिकायचंय, त्यांनी पौषात एखाद्या रविवारी आमच्याकडे यावं. चहा मिळेल.

गणपती बाप्पा मोरया!